आधी थांबली पाहिजे

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अण्णांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. शेजारच्या ट्रकच्या गॅरेजमधून ब्रेकड्रम टर्निंगला यायचे. शाळा सुटली की मी दप्तर कोपऱ्यात टाकून लेथजवळ उभा राहायचो. ड्रम चकमध्ये बसवला की अण्णा हमखास म्हणायचे, "गाडी आधी थांबली पायजे, मग पळाली पायजे, मग दिसली पायजे. ह्यो क्रम चुकवायचा न्हाई."

तीस वर्षांनी मिशिगनमधल्या माझ्या घराच्या गॅरेजमध्ये १९७० सालची शेवरले सी-१० पिकअप येऊन उभी राहिली, तेव्हा हे वाक्य मी खडूनं भिंतीवर लिहिलं. गाडी रस्त्यावर यायला तीन वर्षं आणि चार महिने लागले. नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी आणि हिवाळ्यातल्या लांबलचक संध्याकाळी काम केलं. जुनी गाडी घरी उभी करायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी या काळात शिकलेल्या गोष्टी क्रमानं मांडतो.

१. इंजिनावर भुलू नका, पत्रा बघा

गाडी बघायला गेल्यावर विकणारा पहिल्यांदा इंजिन चालू करून दाखवतो. ते बंद असलं तरी चालेल. या गाडीचं इंजिन साधं आहे आणि त्याचा प्रत्येक भाग आजही मिळतो. खरा पैसा आणि घाम खातो तो गंज. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे इथल्या जुन्या गाड्यांचे पत्रे हातात येतात. म्हणून मी लांबची, कॅन्ससमधल्या एका शेतावर राबलेली गाडी घेतली. इंजिन अकरा वर्षं बंद होतं, पण चासीवर हातोडीनं ठोकलं तर टण्ण आवाज आला. कुजक्या लोखंडाचा आवाज बद्द येतो.

१९६७ ते १९७२ या पिढीच्या शेवरले पिकअपमध्ये गंजाच्या जागा ठरलेल्या आहेत: दाराखालची रॉकरची पट्टी, केबिनचे मागचे खालचे दोन कोपरे, पायाखालचा पत्रा आणि पुढच्या काचेखालचा भाग. मऊ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक या जागांवरून फिरवा. जिथे ते धरत नाही, तिथे रंगाखाली पत्रा नाही, लांबी (पुट्टी) आहे. माझ्या गाडीचा डावा रॉकर आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गेलेला होता. ते मला घेतानाच माहीत होतं, आणि तेवढी किंमत कमी करून घेतली होती.

२. पाना उचलण्याआधी गाडीचे कागद वाचा

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर एक पट्टी असते. तिच्यावरचा नंबर मालकीच्या कागदाशी जुळला नाही तर गाडी कितीही देखणी असली तरी घेऊ नका. माझ्या पट्टीवर सुरुवातीला "सीएस१४०एफ" असं होतं. शेजारी राहणारे आजोबा फ्लिंटच्या ट्रक कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा वर करून एकेक अक्षर बोटानं दाखवलं. सी म्हणजे फक्त मागच्या चाकांना जोर, एस म्हणजे सहा सिलिंडर, १ म्हणजे अर्ध्या टनाचा वर्ग, ४ म्हणजे पिकअप, शून्य म्हणजे १९७०. शेवटच्या एफवर त्यांनी बोट ठेवलं आणि तसंच ठेवून राहिले. एफ म्हणजे फ्लिंट. त्या दिवसापासून ते दर शनिवारी स्वतःची खुर्ची घेऊन यायला लागले.

समोरच्या कप्प्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला असतो. कारखान्यातून गाडी काय काय बसवून निघाली याची ती यादी. माझा कागद अर्धा उंदरानं खाल्ला होता, पण उरलेल्या अर्ध्यावरून मूळ रंग आणि गिअरबॉक्स कळला. तुमच्या गाडीत तो शाबूत असेल तर झाकण पुसण्याआधी त्याचा फोटो काढा.

३. खोलणं हे अर्धं काम आहे

खोलायला पंधरा दिवस लागतात. जोडायची वेळ दीड वर्षानं येते, आणि तोवर कुठला बोल्ट कुठला हे डोक्यात राहत नाही. आमच्या घरात लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरण्या पुष्कळ होत्या. प्रत्येक जोडाचे नट, बोल्ट, वायसर एका बरणीत, वर चिकटपट्टी आणि तिच्यावर मराठीत नाव: "डावं दार, वरची बिजागरी", "रेडिएटरचा आधार". काच असल्यामुळे आतलं दिसतं, शोधावं लागत नाही. काढण्याआधी एक फोटो, अर्धं काढल्यावर दुसरा. गाडी पूर्ण होईपर्यंत एकही जुना भाग फेकायचा नाही, मोडका तर अजिबात नाही. नवा भाग त्याच्याशी ताडून बघावा लागतो.

धरलेल्या बोल्टशी झटापट करू नका. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचा एक बोल्ट मी पान्याला पाइप लावून ताकदीनं फिरवला. आधी तो किंचित हलला, मऊ पडल्यासारखं वाटलं आणि मुंडकं पान्यात राहिलं. उरलेला तुकडा ड्रिल करून, नवे आटे पाडून ती जागा सुधारायला दोन शनिवार गेले. त्यानंतर नियम केला: पहिल्या दिवशी वायर ब्रश आणि गंज सोडवणारं तेल, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल आणि हातोडीचे हलके ठोके, तिसऱ्या दिवशी थोडी आच देऊन पाना. आधी घट्ट करण्याच्या दिशेनं केसभर, मग सोडण्याच्या दिशेनं. या नियमानं उरलेले सगळे बोल्ट सहीसलामत निघाले.

४. ब्रेकवर पैसे वाचवू नका

भिंतीवरच्या वाक्यातलं हे पहिलं काम. गाडी वर घेतल्यावर जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरू नका. मजबूत फरशीवर लोखंडी घोड्या लावा, गाडी हातानं हलवून बघा आणि मगच आत जा. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो, तेव्हा ड्रममधली धूळ फुंकायची नाही, हवाही मारायची नाही. योग्य मास्क लावून, ओल्या फडक्यानं पुसून फडकं पिशवीत बंद करायचं.

१९६७ पासून या गाड्यांना दुहेरी मास्टर सिलिंडर आहे, म्हणजे पुढच्या चाकांची नळी फुटली तरी मागचे ब्रेक राहतात. पण नळ्याच गंजल्या असतील तर दोन्ही बाजूंचा भरवसा नाही. मी सगळ्या नळ्या तांबे-निकेलच्या टाकल्या. त्या हातानं वाकतात आणि गंजत नाहीत. पुढच्या ड्रमच्या जागी डिस्क बसवल्या. कारखान्यानंच १९७१ पासून पुढे डिस्क द्यायला सुरुवात केली होती, म्हणून हा बदल गाडीच्या घराण्यातलाच आहे. सहा बोल्टांची मूळ चाकं तशीच बसतील असे जोडसंच मिळतात. फक्त पुढचा-मागचा दाब वाटून देणारा व्हॉल्व्हही त्याच्याबरोबर बदला. तो राहिला तर जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी अडकतात आणि गाडी फिरते.

५. अकरा वर्षं झोपलेल्या इंजिनाला एकदम चावी मारू नका

आत कोरड्या पडलेल्या रिंग सिलिंडरला ओरखडे पाडतात. सहाही प्लग काढून प्रत्येक भोकात थोडं तेल सोडलं आणि चार दिवस थांबलो. मग पुढच्या बोल्टला पाना लावून हातानं फिरवलं. पहिलं वेटोळं पूर्ण झालं तेव्हा कार्बोरेटरमधून एक लांब सुस्कारा ऐकू आला. अकरा वर्षांनी या इंजिनानं श्वास घेतला होता.

मग कॉम्प्रेशन मोजलं. पाच सिलिंडर ११५ ते १२५ पौंडांवर, चौथा ८० वर. त्या भोकात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजलं, काटा ८५ वर थांबला. तेल टाकल्यावर आकडा चांगला चढला असता तर दोष रिंगचा. चढला नाही म्हणजे व्हॉल्व्ह गळतोय. एवढ्या साध्या चाचणीनं पूर्ण इंजिन खोलायचं वाचलं. फक्त हेड उतरवलं आणि मशिन शॉपमध्ये व्हॉल्व्ह घासून घेतले. हेड बाहेर होतंच, तर एक्झॉस्टच्या बाजूला कडक सीटही बसवून घेतल्या, कारण हे इंजिन शिसं घातलेल्या पेट्रोलच्या काळातलं आहे.

आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते जुनं रबर खातं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या नव्या टाकायला हव्यात. नव्या इंजिन ऑइलमध्ये जस्त कमी असतं, तर या जुन्या कॅमशाफ्टला ते लागतं. म्हणून जुन्या गाड्यांसाठी बनवलेलंच ऑइल घालतो.

फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. पॉइंटची फट नीट लावली, वायरी तपासल्या आणि इंजिन लागलं. चाललं, पण रेस दिल्यावर गुदमरत होतं. कोल्हापुरात तेव्हा सकाळ होती. अण्णांना फोन लावला आणि बॉनेटजवळ धरला. वीस सेकंद ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "टायमिंग मागं हाय. जरा फुडं घे." डिस्ट्रिब्युटर बोटभरही नाही, रेघभर फिरवला. आवाज सरळ झाला. टायमिंग लाइट मी नंतर लावून बघितला, आकडा बरोबर होता.

६. पत्रा कापण्याआधी केबिनला आधार द्या

हा धडा मला सर्वांत महाग पडला. डावा रॉकर कुजला होता म्हणून तो सरळ ग्राइंडरनं कापून काढला. नवा लावला, टाके मारले, वेल्डिंग केलं आणि दार बसवलं. दार लागेना. कडीपाशी अर्ध्या इंचाचा फरक. रॉकर ही शोभेची पट्टी नाही, केबिनचा तो पायाच आहे. तो काढल्यावर केबिन स्वतःच्या वजनानं खचलं आणि मी त्याला खचलेल्या अवस्थेतच वेल्ड करून टाकलं. सगळं पुन्हा कापलं. दुसऱ्या वेळी दाराच्या चौकटीत लोखंडी सळ्या आडव्या-तिरक्या वेल्ड केल्या, दार लावून चारही बाजूंची फट मोजली आणि मग ग्राइंडर चालवला. दोन महिने गेले, पण आता ते दार एका बोटानं लागतं.

पायाखालच्या पत्र्याला सलग वेल्डिंगची रेघ ओढू नका. पत्रा तापून पापडासारखा फुगतो. एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, तिसरा समोरच्या बाजूला. हात लावण्याइतकं गार झालं की मधल्या जागा भरत जायचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते तसंच करावं लागतं. लांबी फक्त शेवटचा खोलगटपणा मिटवण्यापुरती, पातळ. भोकावर लांबी थापणं म्हणजे पुढच्या मालकाला फसवणं.

७. वायरिंगचा दोष शोधताना आधी अर्थिंग

उजवा इंडिकेटर लावला की हेडलाइट मंद व्हायचा. बल्ब बदलले, स्विच बदलला. दोष निघाला रंगाखाली दबलेल्या एका अर्थिंगच्या जागी. पत्र्याला पत्रा लागला म्हणजे वीज वाहते असं नाही. मधला रंग आणि गंज तिला अडवतो. इंजिन ते चासी, चासी ते केबिन आणि बॅटरी ते इंजिन या तिन्ही पट्ट्या नव्या टाका, टेकायच्या जागा चकचकीत घासा. जुन्या रचनेत हेडलाइटचा सगळा प्रवाह डॅशबोर्डच्या स्विचमधून जातो. रिले बसवले की स्विच तापत नाही आणि उजेडही वाढतो. काम करताना बॅटरीची वायर सोडलेली आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी, यात कधीही सूट नाही.

८. बदल असा करा की परत फिरता येईल

जुन्या पिकअपमध्ये बदल करायला अंत नाही. बरेच जण सहा सिलिंडर काढून आधुनिक व्ही-८ बसवतात, चासी कापून गाडी जमिनीला टेकवतात. त्यांच्या कामात मोठं कौशल्य असतं आणि मी ते आदरानं बघतो. माझी कसोटी वेगळी होती: हा बदल माणसाला वाचवतो का, आणि उद्या कुणाला मूळ रूप हवं असेल तर ते परत आणता येईल का?

या गाड्यांची पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे असते. १९७२ पर्यंत अशीच होती. माझी सोळा वर्षांची मुलगी त्या सीटवर बसणार होती. टाकी काढून मागे, हौद्याखाली चासीच्या दोन दांड्यांच्या मधोमध बसवली. जुनी टाकी मोकळी करून, कोरडी करून माळ्यावर ठेवली आहे. जुन्या टाकीजवळ वेल्डिंग किंवा ग्राइंडरची ठिणगी कधीही नेऊ नका. रिकामी दिसली तरी आतली वाफ पेट घेते. कमरेच्या पट्ट्यांच्या जागी खांद्यावरून येणारे सीटबेल्ट लावले, मागे जाड पत्र्याचा आधार देऊन.

गिअर मात्र तसेच ठेवले, स्टीअरिंगच्या दांडीवरचे तीन. दांडा आपल्याकडे ओढून खाली पहिला, वर रिव्हर्स. पुढे ढकलून वर दुसरा, खाली तिसरा. मुलीनं मोकळ्या पार्किंगमध्ये एका दुपारी हे शिकून घेतलं. पहिल्यांदा झटका न बसता दुसरा पडला तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलंही नाही, नजर रस्त्यावर ठेवली. मला त्याचंच जास्त बरं वाटलं.

९. रंग सगळ्यात शेवटी, आणि विचार करून

डेट्रॉइटजवळ वुडवर्ड ॲव्हेन्यूवर १९९५ पासून ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची मोठी फेरी निघते. तिथे आरशासारखे चमकणारे पिकअप बघून मलाही पूर्ण नवा रंग द्यायची घाई झाली होती. घासायला बसलो, आणि उन्हानं फिकट झालेल्या हिरव्या रंगावर कॅन्ससच्या त्या शेताचं हातानं रंगवलेलं नाव उमटायला लागलं. कुणा पेंटरनं ब्रशनं काढलेली अक्षरं, कडेला हलकीशी सावली दिलेली.

मी घासपेपर खाली ठेवला. दारांचा वरचा भाग तसाच राखला, खालच्या नव्या पत्र्याला त्याच हिरव्याशी जुळवून रंग दिला आणि त्यावर पारदर्शक थर मारला. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा कोरडं घासू नका, पाणी लावून आणि मास्क घालूनच घासा.

हौद्याच्या फळ्या ओकच्या टाकल्या, मधल्या लोखंडी पट्ट्या जुन्याच, साफ करून. फळ्यांना जवसाचं तेल दिलं. इथे एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. या तेलानं भिजलेली फडकी चुरगाळून टाकली तर आपोआप तापून पेटतात. ती मोकळ्या हवेत एकेक पसरून पूर्ण वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा.

या सगळ्या काळात दोनदा मी अण्णांना म्हणालो, फोटो पाठवतो. दोन्ही वेळा ते म्हणाले, "आत्ता नको."

१०. वही ठेवा

एका बाजूला खर्च, दुसऱ्या बाजूला तास. माझा अंदाज गाडीच्या किमतीवर आठ हजार डॉलरचा होता, खर्च झाला सोळा हजारांच्या वर. वहीमुळे मला कळलं की पैसा मोठ्या वस्तूंवर गेला नाही, तो रबर, सील, नळ्या आणि बोल्टांच्या शेकडो लहान पाकिटांत गेला. हाताला जमेल ते घरी करा. हेडचं काम आणि काच बसवणं जाणकाराकडे द्या. एका वर्कशॉपनं माझं काम पाच महिने हात न लावता ठेवलं होतं, तेव्हापासून तारीख आणि रक्कम लिहून घेतल्याशिवाय कुठलाही भाग हातातून सोडत नाही.

वहीत तिसरा रकाना ठेवा: आज काय उमगलं. कंटाळा येऊन गाडी झाकून ठेवावीशी वाटेल, तेव्हा हाच रकाना उपयोगी पडतो.

११. गाडीला काम द्या

बायकोला भाजीच्या वाफ्यासाठी कंपोस्ट हवं होतं. एक घनयार्ड, म्हणजे अर्ध्या टनाच्या आसपास. हौद्याच्या नव्या फळ्यांवर ते लोडरनं ओतलं तेव्हा मागच्या स्प्रिंगा दबल्या आणि गाडी पहिल्यांदाच नीट बसल्यासारखी वाटली. संध्याकाळ होत होती. घरापासून चार मैलांवर, झाडीतून एक हरणी रस्त्यावर आली आणि दिव्यांकडे बघत उभी राहिली. मी ब्रेक दाबला. भरलेली गाडी नाक खाली करून, डावीकडे नाही की उजवीकडे नाही, सरळ रेषेत थांबली. कंपोस्टचा ढीग घसरून केबिनच्या पाठीला टेकला, त्यातली एक फावडी फळीवर खरवडत पुढे आली. हरणी दोन पावलं चालली, थांबली, मग पलीकडच्या झाडीत गेली. तिच्यामागून तिचं पाडस गेलं. ते मला दिसलंच नव्हतं.

रात्री फाळका उघडून हौदा रिकामा केला. तिसऱ्या फळीवर हातभर लांब ओरखडा होता. त्याच्यावरून अंगठा फिरवला आणि तो तसाच ठेवला. मग अण्णांना फोन केला आणि सगळं सांगितलं.

"कुठल्या बाजूला वडली?" त्यांनी विचारलं.

"कुठल्याच नाही, अण्णा. माल भरलेला होता, तरी सरळ थांबली."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. उद्यमनगरातल्या सकाळचा, शटर वर जाण्याचा आवाज येत होता.

"बरं," ते म्हणाले. "आता फोटो पाठव."